तीन कोटेशन्स, एकच हात!

नोकरी कुठलीही असो, एक ना एक दिवस ते वाक्य कानावर पडतंच. ‘अगं, जरा तीन कोटेशन्स काढ ना!’ तुम्ही एमबीए असा, वकील असा, नाहीतर आर्टिकलशिप करणारं पोर असा... ऑफिसात सगळ्यांत नवीन किंवा सगळ्यांत गुणी जे कोण असेल, खरेदी त्याच्याच गळ्यात! आणि खरेदी तरी कसली? लॅपटॉप, कॉफी मशीन असलं ग्लॅमरस काही नाही. रेकॉर्ड ठेवायचे रॅक. राखाडी, लोखंडी, नट-बोल्टवाले. फोटो काढून मित्रांना पाठवावा असं त्यात काहीही नाही.

तरीही आज कॉलम रॅकवर. कारण हे ‘तीन कोटेशन्स’ प्रकरण आपण सगळेच फार लाइटली घेतो. तीन कागद जमले, स्टेपल मारला, सगळ्यांत कमी आकड्याभोवती गोल केला, की झाली स्पर्धा! सॉरी बॉस, ही स्पर्धा नव्हे. तीन जणांनी एकाच वस्तूचा भाव, एकमेकांना न विचारता दिला, तर ती स्पर्धा. या वाक्यातली एक जरी अट गळाली, तरी हातात उरते ती फक्त रद्दी.

पारदर्शक फोल्डर

माझं ऑफिस म्हणजे टिळक रोडच्या आतल्या गल्लीतली एक ऑडिट फर्म. जुन्या राहत्या बिल्डिंगमध्ये दुसरा मजला. फाइली कुठे नाहीत ते विचारा! टेबलाखाली, गोदरेजच्या कपाटावर, बाथरूमच्या माळ्यावर. शेवटी सरांनी फर्मान काढलं, एक खोली रिकामी करा आणि रॅक घ्या. काम माझ्याकडे आलं आणि त्याच दुपारी माझ्या टेबलावर एक पारदर्शक फोल्डरही आलं.

फोल्डर आणलं होतं आमच्या जुन्या फर्निचरवाल्याने. पंधरा वर्षांचा संबंध. आमची टेबलं त्याची, खुर्च्या त्याच्या. आत तीन कोटेशन्स. त्याचा रॅक ५,४०० रुपयांना, दुसऱ्याचा ५,८५०, तिसऱ्याचा ६,१००. सव्वीस रॅक धरले होते, म्हणजे त्याच्या भावाने १,४०,४०० रुपये, वर जीएसटी. आणि सोबत एक गोड वाक्य. ‘मॅडम, तुम्हाला कशाला त्रास? बाकीची दोन पण मीच आणलीत!’

तीन लेटरहेड, तीन रंग. पण अक्षराचा फॉन्ट एकच, रकान्यांची मांडणी एकच आणि ‘डिलिव्हरी’चं स्पेलिंग तिन्ही ठिकाणी अगदी सारखंच चुकलेलं. हात एकच होता हो!

बाजारात याला नावसुद्धा आहे. ‘सपोर्टिंग कोटेशन’. लोक ते इतक्या सहज मागतात आणि देतात, की त्यात काही खटकतंय हेच कुणाला वाटत नाही. कायद्याला मात्र वाटतं. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमात संगनमताने बोली लावण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००९ साली सरकारी खरेदीतलं संगनमत ओळखायच्या खुणा दिल्या, त्यात वेगवेगळ्या बोलींमध्ये सारख्याच स्पेलिंगच्या चुका असणं ही एक खूण आहे. आता आमच्या सव्वीस रॅकसाठी दिल्लीहून कुणी तपासायला येणार नव्हतं, हे मलाही कळतं. पण जात तीच ना!

‘तीन लागतात, तीन आहेत’

खरा पंगा पुढे होता. आमचे अकाउंटंट काका म्हणाले, ‘कशाला डोकं लावतेस? तीन कागद लागतात, तीन आहेत. माणूस ओळखीचा आहे, पळून जाणार नाही.’ काकांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. ओळखीचा माणूस रात्री नऊला फोन उचलतो, खुर्चीचं चाक मोडलं तर पोरगा पाठवतो. याला किंमत असतेच.

पण आम्ही कोण? ऑडिटर! क्लायंटच्या खरेदीच्या फाइलीत असेच तीन जुळे भाऊ दिसले, की आम्हीच शेरा मारतो. मग स्वतःच्या ऑफिसात तेच कागद जोडून खाली ‘तीन कोटेशन्सची तुलना केली’ असं लिहून मी सही करायची? उद्या कुणी फाइल उघडली, तर त्या सहीखाली फर्निचरवाल्याचं नाव नसणार, माझं असणार. म्हणून मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन सरळ सांगितलं, ‘सर, या तुलनेवर मी सही नाही करणार. मला एक आठवडा द्या, पुन्हा भाव मागवते. आपल्या जुन्या माणसाकडूनही मागवते.’

सर दोन मिनिटं काही बोलले नाहीत. पंधरा वर्षांच्या ओळखीवर काल-परवाची पोरगी बोट ठेवते म्हटल्यावर कुणाला आवडेल? माझ्याही पोटात गोळा आला होता. मग म्हणाले, ‘आठवडा. त्यापुढे एक दिवस नाही.’

आधी मोजा, मग विचारा

मी पहिले दोन दिवस एकाही दुकानात फोन केला नाही. फाइली मोजल्या. चौदाशे बॉक्स फाइली निघाल्या. मग प्रश्न, या सगळ्या ठेवायच्याच आहेत का? कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे कंपनीची हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपायची असतात. जीएसटीची कागदपत्रं त्या वर्षीचं वार्षिक रिटर्न भरायच्या मुदतीपासून ७२ महिने. नोटीस किंवा केस चालू असेल, तर त्या फाइलला हातही लावायचा नाही. हे सगळं धरूनही, ज्यांची मुदत कधीच संपलीय आणि ज्या क्लायंटच्या मालकीच्या आहेत, अशा पाचशे फाइली निघाल्या! काही पोच घेऊन परत गेल्या, बाकीच्या सरांच्या लेखी परवानगीने नष्ट केल्या. उरल्या नऊशे.

आता वजन. ए-फोर कागदाचं ८० जीएसएमचं पाचशे पानांचं रीम अडीच किलोचं असतं. गच्च भरलेली बॉक्स फाइल, तिच्या पुठ्ठ्यासकट, तीन किलो धरा. तीन फूट रुंद फळीवर अशा अकरा फाइली बसतात. म्हणजे एका फळीवर ३३ किलो. सात फुटी रॅकला सहा फळ्या, त्यातल्या पाच फाइलींसाठी आणि सहावी वर झाकणासारखी. एका रॅकमध्ये ५५ फाइली. नऊशे फाइलींना सतरा रॅक पुरतात. फोल्डरमधले सव्वीस आले कुठून? चौदाशेला ५५ ने भागा, कळेल. म्हणजे त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. आमच्याच पसाऱ्याचा तो हिशेब होता.

आणि हे वजन जातं कुठे? जमिनीवर! इमारतींवरच्या भारासाठी आपलं भारतीय मानक आहे, आयएस ८७५. त्यात राहत्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरलेला आहे. आमची खोली वीस चौरस मीटरची. चौदाशे फाइली आणि सव्वीस रॅक मिळून पाच टन, म्हणजे चौरस मीटरला २५०. नऊशे फाइली आणि सतरा रॅक मिळून सव्वातीन टनांच्या आत, म्हणजे १६०. तरी मी माझ्या गणितावर विसंबले नाही. स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलावलं. त्याने बिल्डिंग पाहिली आणि रॅक भिंतींच्या कडेने लावा, मधोमध रांगा नकोत, असं लिहून दिलं. फ्लॅटमध्ये ऑफिस थाटलेल्या सगळ्या डॉक्टर-वकील मंडळींनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा, प्लीज. आणि मधल्या वाटा काढून रुळांवर सरकणारे कॉम्पॅक्टर घ्यायचा विचार असेल, तर दोनदा वाचावा. जागा वाचते, पण तेवढंच वजन कमी जागेत एकवटतं.

एका पानाचा फंडा

तिसऱ्या दिवशी मी एक पान टाइप केलं. जुन्या कोटेशनमध्ये वर्णन काय होतं माहितीये? ‘हेवी ड्यूटी रॅक’. बस्स! हेवी म्हणजे किती हेवी? हापूस, तोतापुरी आणि रायवळ यांचे भाव शेजारी शेजारी लिहून ‘रायवळ स्वस्त’ म्हणण्यात काय अर्थ आहे? म्हणून पानावर सगळं आलं.

उंची सात फूट, रुंदी तीन फूट, खोली पंधरा इंच. सहा फळ्या. सगळ्यांत खालची फळी जमिनीपासून सहा इंच वर. (२६ जुलै २००५ ला मुंबईत ज्यांचं ऑफिस तळमजल्यावर होतं, त्यांना या सहा इंचांचं महत्त्व सांगायला नको. आणि खरा पूर आला तर सहा इंचांनी काही होत नाही, तेव्हा तळमजलेवाल्यांनी महत्त्वाचं रेकॉर्ड वरच्याच फळ्यांवर ठेवावं.) प्रत्येक फळीवर पसरून ५० किलो वजन ठेवलं तरी ती वाकायला नको. फळीचा पत्रा २० गेज, म्हणजे ०.९ मिलिमीटर. उभे अँगल १४ गेज, म्हणजे दोन मिलिमीटर. पावडर कोटिंग. कोपऱ्यांना पट्ट्या, पायांना प्लॅस्टिकचे बूट, रॅक एकमेकांना आणि भिंतीला बांधलेले. भावात वाहतूक, दुसऱ्या मजल्यापर्यंतची हमाली आणि फिटिंग धरलेलं. जीएसटी वेगळा दाखवायचा. किती दिवसांत माल, पैसे कधी, वॉरंटी किती.

गेजची एक गंमत लक्षात ठेवा. आकडा मोठा तितका पत्रा पातळ! २२ गेज ऐकायला २० पेक्षा भारी वाटतं, पण तो असतो ०.७ मिलिमीटर. म्हणजे पाचवा हिस्सा लोखंड गायब. कुणी पंधरा टक्के स्वस्त देत असेल, तर तो स्वस्त देतोय की कमी लोखंड देतोय, हे आधी बघा. रॅकचं वजनसुद्धा लिहून मागा. लोखंड शेवटी किलोवर विकलं जातं.

कुणाला विचारायचं?

एकाच गल्लीतल्या तीन दुकानांना विचारून फारसा उपयोग नाही. संध्याकाळी तिघं एकाच टपरीवर चहा पितात! मी मुद्दाम वेगवेगळ्या जातकुळीचे निवडले. एक व्यापारी, भोसरीतला एक स्वतः रॅक बनवणारा, एका नामांकित ब्रँडचा डीलर, जुन्या ऑफिसांचं सामान विकणारा एक आणि अर्थातच आमचा जुना माणूस.

एक सोपी डोकॅलिटी सांगते. कोटेशनवरचा जीएसटी नंबर सरकारी जीएसटी पोर्टलवर टाका. व्यवसायाचं अधिकृत नाव आणि मुख्य पत्ता फुकटात दिसतो. दोन लेटरहेडांचा मालक एकच निघाला, तर पुढे काही विचारायची गरजच नाही. फोल्डरमधली दोन ‘सपोर्टिंग’ कोटेशन्स मी अशीच तपासली. एकावर नंबरच नव्हता. दुसऱ्यावरचा नंबर आमच्या जुन्या माणसाच्याच पत्त्यावर निघाला.

पाचही जणांना तेच पान, एकाच दिवशी पाठवलं. शुक्रवारी चारपर्यंत बंद पाकीट. एकाने विचारलं, ‘रंग कुठला?’ त्याचं उत्तर पाचही जणांना कळवलं. ब्रँडवाल्याचा पोरगा म्हणाला, ‘मॅडम, बाकीच्यांचा किती आलाय तेवढं सांगा, मी खाली देतो.’ नाही सांगितलं. हा नियम पाळायला सगळ्यांत अवघड आहे, कारण मोह होतो. एकाचा भाव दुसऱ्याला दाखवून दोनशे रुपये सुटतील, पण पुढच्या वेळी तुम्हाला खरा भाव कुणीच देणार नाही. सगळे आधीच दोनशे वाढवून सांगतील.

शुक्रवार, चार वाजता

जुन्या सामानवाल्याकडे सारख्या मापाचे सतरा रॅक नव्हते, त्याने तसं प्रामाणिकपणे कळवलं. चार पाकिटं सर आणि काका या दोघांसमोर उघडली. व्यापारी ४,३८०. भोसरीवाला ४,६२०. आमचा जुना माणूस ४,७१०. ब्रँडवाला ६,९००.

काकांनी चष्मा काढून पुसला. ज्याने पंधरा दिवसांपूर्वी नुसत्या ‘हेवी ड्यूटी’चे ५,४०० सांगितले होते, तोच आता पत्रा, अँगल, हमाली, फिटिंग सगळं लिहून देऊन ४,७१० वर आला होता. त्याला कुणी ‘कमी करा’ म्हटलं नव्हतं. समोर खरेच कुणीतरी उभे आहेत, एवढंच त्याला कळलं होतं.

सगळ्यांत कमी व्यापाऱ्याचा, म्हणजे ऑर्डर त्याची? थांबा! पहिल्या दोघांकडून नमुन्याची एकेक फळी मागवली. व्हर्नियर कॅलिपर लावला. व्यापाऱ्याचा पत्रा रंगासकट जेमतेम ०.७ मिलिमीटर. तो म्हणाला, ‘बाजारात हेच २० गेज म्हणून चालतं मॅडम.’ चालत असेल! भोसरीवाल्याची फळी मापात बसली. तिच्यावर खालच्या वाण्याकडून आणलेल्या पंचवीस किलोच्या तांदळाच्या दोन गोण्या रात्रभर ठेवल्या. सकाळी फळी सरळ. ऑर्डर भोसरीला.

हिशेब ऐका. सतरा रॅक, ७८,५४० रुपये. पहिल्या फोल्डरपेक्षा ६१,८६० कमी, दोन्हीकडे जीएसटी सोडून. पण टाळ्या वाजवण्याआधी हे बघा. त्यातले ४८,६०० वाचले नऊ रॅक घेतलेच नाहीत म्हणून. भाव कमी झाल्यामुळे वाचले फक्त १३,२६०. घासाघीस करण्यात आपण स्वतःला फार हुशार समजतो, पण मोठे पैसे मोजण्यात होते.

जुन्या माणसाला सरांनी स्वतः फोन केला. ऑफिसात बोलावून ते पान आणि चारही आकडे दाखवले. ‘सपोर्टिंग’चा विषयही तिथेच निघाला. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘सगळेच मागतात हो साहेब, म्हणून आणतो. तुमचा हा कागद चांगला आहे. पुढच्या वेळी आधी हाच पाठवा.’ खुर्च्यांची चाकं अजून तोच बदलतो. ओळख तुटली नाही. फक्त ओळख आणि कोटेशन हे दोन वेगळे कप्पे झाले.

जाता जाता...

तुमच्याकडे रॅक नसतील, दुसरं काही असेल. एसी, ऑफिसचं रंगकाम, सोसायटीचे कॅमेरे. कृती तीच. आधी गरज मोजा. एका पानावर वस्तू लिहा आणि ते पान तुम्ही लिहा, विकणाऱ्याला लिहू देऊ नका. एकमेकांशी संबंध नसलेल्यांना विचारा. सगळ्यांना तीच माहिती, तीच वेळ. पाकिटं दोघांसमोर उघडा. नमुना मोजा. सगळ्यांत कमी भाव नाकारला, तर कारण दोन ओळींत लिहून फाइलला लावा.

आणि माल आला की पैसे वेळेवर द्या. एमएसएमई म्हणून नोंदणी केलेल्या लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे अडकवता येत नाहीत, असं २००६ चा कायदा सांगतो. पण कायद्याचं सोडा. वेळेवर पैसे देणारं ऑफिस म्हणून बाजारात नाव झालं, की पुढचं कोटेशन आपोआप खरं येतं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी हसत हसत तीन कागदांचं फोल्डर तुमच्या टेबलावर ठेवलं, तर आकडे नंतर वाचा. आधी स्पेलिंग तपासा!